गडचिरोली जिल्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा जन्म आरमोरी तालुक्यातला, आणि नोकरीची बरीच वर्षं जिल्ह्याच्या दक्षिण भागात गेली. नव्यानं बदली होऊन येणारे शिक्षक, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, फिरायला यायचं म्हणणारे पुण्या-मुंबईचे नातेवाईक सतत काही ना काही विचारत असतात. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गडचिरोली नेमकं कुठे आहे, आणि किती मोठं आहे?

महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला. पश्चिमेला वैनगंगा आणि पुढे प्राणहिता, पलीकडे चंद्रपूर आणि तेलंगणा. पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला गोंदिया, दक्षिणेला गोदावरी. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये ७४ माणसं. त्याच वेळी राज्याची सरासरी ३६५ होती. जमिनीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे.

नकाशात जिल्हा उभा, लांबट दिसतो. उत्तरेच्या कोरचीहून निघून दक्षिणेच्या सिरोंचाला पोहोचायचं तर दिवस मोडतो. ही लांबी लक्षात ठेवा, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. उत्तर आणि दक्षिण गडचिरोली हे जमिनीनं, भाषेनं आणि जेवणानंही दोन वेगळे मुलूख आहेत.

२. जिल्हा कधी झाला? त्याआधी हा भाग कुणाकडे होता?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. चंद्रपूरचं जुनं नाव चांदा. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजूनही 'चांदा जिल्हा' येतो, तो याच कारणानं.

त्याआधी शतकानुशतकं हा चांद्याच्या गोंड राजांचा मुलूख होता. अठराव्या शतकात तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला. भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर १८५४ मध्ये चांदा हा इंग्रजांचा जिल्हा झाला. प्रत्यक्ष जंगलात मात्र सत्ता जमीनदारांची चाले, आणि त्यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी होती. गडचिरोली तालुका १९०५ मध्ये ब्रह्मपुरी आणि चांदा तालुक्यांतल्या जमीनदाऱ्या जोडून तयार झाला. स्वातंत्र्यानंतर १९५६ पर्यंत आम्ही मध्य प्रदेशात होतो, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. एका आयुष्यात तीन राज्यं पाहिलेली म्हातारी माणसं माझ्या लहानपणी गावोगावी होती.

३. तालुके किती? आणि वडसा व देसाईगंज एकच का?

बारा: गडचिरोली, धानोरा, चामोर्शी, मुलचेरा, देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा, कोरची, अहेरी, एटापल्ली, भामरागड आणि सिरोंचा. विधानसभेचे मतदारसंघ तीन: आरमोरी, गडचिरोली, अहेरी. लोकसभेसाठी गडचिरोली-चिमूर.

वडसा आणि देसाईगंज हा गोंधळ नेहमीचा आहे. तालुक्याचं आणि नगरपरिषदेचं नाव देसाईगंज, रेल्वे स्थानकाचं नाव वडसा. दोन्ही वस्त्या एकमेकींना लागून आहेत आणि बोलताना सगळे वडसाच म्हणतात. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं हे स्थानक आजवर जिल्ह्याचं एकमेव रेल्वे स्थानक राहिलं आहे. तिथून गडचिरोलीपर्यंतच्या सुमारे ५२ किलोमीटर मार्गाचं काम हाती घेतलेलं आहे. रेल्वेचं तिकीट काढताना 'गडचिरोली' शोधत बसू नका, 'वडसा' शोधा.

४. परीक्षेला नद्या नेहमी विचारतात. संगम लक्षात कसे ठेवायचे?

नावं पाठ करण्यापेक्षा वरून खाली पाण्याबरोबर चाला. वैनगंगा उत्तरेकडून येते आणि जिल्ह्याची पश्चिम सीमा धरून वाहते. वाटेत तिला खोब्रागडी, कठाणी अशा नद्या मिळतात. चपराळ्याजवळ वर्धा नदी येऊन मिळते आणि तिथून पुढे दोघींचं नाव प्राणहिता होतं. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते, समोरच्या काठावर तेलंगणातलं काळेश्वर. गोदावरी पुढे थोडं अंतर आपल्या सीमेवरून वाहते आणि सोमनूर इथे तिला छत्तीसगडकडून आलेली इंद्रावती मिळते.

चौथा संगम भामरागडला, इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा. तो पाहायला लोक मुद्दाम येतात. पावसाळ्यात मात्र हाच संगम गावाची कोंडी करतो. त्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

५. इथले सगळे लोक आदिवासी आहेत का?

नाही. २०११ च्या आकड्यांनुसार अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे ३९ टक्के आहे. एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची या भागांत ते खूप जास्त, तर देसाईगंज-आरमोरीकडे कमी. उत्तरेच्या आणि वैनगंगेकाठच्या गावांत कुणबी, तेली, कोहळी, ढिवर, माळी आणि मोठा बौद्ध समाज आहे. आदिवासींमध्ये गोंड, माडिया, परधान, हलबा, कंवर अशा जमाती आहेत. दक्षिणेला तेलुगू भाषकांची जुनी गावं आहेत, आणि मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली (प्रश्न ८).

भाषा मोजायला बसलात तर एका हाताची बोटं पुरत नाहीत: मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी, बंगाली, हिंदी. उत्तरेची मराठी म्हणजे झाडीबोली. हिच्यात 'ण' नाही. पाण्याला 'पानी' आणि जेवणाला 'जेवन' म्हणणं ही त्या बोलीची रीत आहे. शाळेत मुलांना याबद्दल रागावू नका, असं मी नव्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगतो. घरी आजी जशी बोलते तसं ते मूल बोलत असतं.

६. गोंड आणि माडिया यांत फरक काय?

माडिया हे गोंड समूहातलेच, पण त्यांची बोली, राहणी आणि सणवार वेगळे. केंद्र सरकारनं महाराष्ट्रातल्या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून धरल्या आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. माडियांची मुख्य वस्ती भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांत आहे. उत्तरेतला गोंड बहुधा मराठी सहज बोलतो आणि बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, धान रोवतो. डोंगराळ भागातला माडिया कोसरीसारखं भरड धान्यही पिकवतो, आणि त्याच्या घरच्या म्हातारीला मराठी येईलच असं नाही.

दोघांनाही जोडणारी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. प्रत्येक कूळ ठरावीक संख्येच्या देवांचं असतं: चार देव, पाच देव, सहा देव, सात देव. समान देवांची कुळं एकमेकांची भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. नवा माणूस भेटला की आडनावावरून देव कळतात आणि देवांवरून नातं ठरतं: हा भाऊ की सोयरा. आत्राम, मडावी, पुंगाटी, उसेंडी, नरोटी ही आडनावं हजेरीपटावर वाचताना आपल्याला नुसती नावं दिसतात. वर्गातल्या मुलांना त्यात अख्खी सोयरीक दिसत असते.

भेटल्यावर 'जोहार' म्हणा किंवा 'जय सेवा' म्हणा. दोन्ही चालतं, आणि समोरचा चेहरा खुलतो.

७. गोटुलबद्दल वाचलं ते खरं आहे का?

गोटुलात अविवाहित मुलंमुली रात्र एकत्र काढतात, असं बहुतेकांनी वाचलेलं असतं. ते बस्तरच्या मुरियांबद्दल, आणि तेही चवीनं लिहिलेलं. माडियांचा गोटुल वेगळा आहे. गावाच्या मध्याशी बांधलेली ती सार्वजनिक जागा. गावाची बैठक तिथे, तंटा मिटवायचा तो तिथे, परगावचा पाहुणा मुक्कामाला तिथे. संध्याकाळी तरुण मुलंमुली जमून रेला गातात, नाचतात. रात्री मुली आपापल्या घरी जातात. पंडुम म्हणजे सणांच्या दिवसांत गायता (गावचा पुजारी) आणि गावची जाणती माणसं तिथेच ठरवतात की नवं फळ, नवं धान्य कधीपासून खायचं. त्याआधी झाडाचा आंबाही तोडत नाहीत. कैरी पिकून बी धरल्यावरच आंब्याला हात लावायचा, या नियमामागे किती शहाणपण आहे याचा विचार करा.

फोटो काढायला गोटुलात शिरू नका. आधी विचारा.

याच भागात मासिक पाळीच्या दिवसांत बायकांना गावाबाहेरच्या 'कुर्माघरा'त राहावं लागण्याची प्रथाही आहे. गोटुलाचं कौतुक करताना मी हे लपवणार नाही. गळक्या, अंधाऱ्या झोपडीत साप-विंचवाच्या भीतीत काढलेल्या त्या रात्री बायकांना फार महाग पडल्या आहेत. काही गावांत आता पक्की, पाणी आणि दिवा असलेली घरं बांधली आहेत. प्रथा मोडायची की सुधारायची हा वाद तिथल्या बायकाच घालत आहेत, आणि तो त्यांनीच घातलेला बरा.

८. गडचिरोलीत बंगाली गावं कशी आली?

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांचं १९६० च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात पुनर्वसन झालं. जंगल तोडून वसाहती आखल्या, कुटुंबांना जमिनी दिल्या. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत ही गावं आहेत. दुर्गापूजा थाटात होते, घरामागे मासळीचं तळं असतं, आणि तिसरी पिढी बंगाली, मराठी, हिंदी तिन्ही सफाईनं बोलते.

यात एक अडचण अशी की बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडणारा नमःशूद्र समाज महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळे इथे जन्मलेल्या मुलांना अनुसूचित जातीची सवलत मिळत नाही. यादीत घ्यावं ही मागणी जुनी आहे.

९. सिरोंचा महाराष्ट्रात असून तेलुगू का बोलतो?

कारण नदी. प्राणहिता आणि गोदावरीच्या दोन्ही काठांवर एकच समाज राहतो. मधली राज्याची रेघ नंतर आली. बाजार तेलंगणातल्या मंचेरियालचा, सोयरीक पलीकडच्या गावात, आणि नवरात्रात बतकम्मा या तेलुगू सणाची फुलं. जिल्ह्याच्या ठिकाणी यायला सिरोंचाच्या माणसाला दोनशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो, तर काळेश्वर समोरच्या काठावर दिसतं.

सिरोंचाचा इतिहास मोठा आहे. १८६० मध्ये इंग्रजांनी 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा केला आणि त्याचं मुख्यालय सिरोंचाला ठेवलं. गोदावरीतून बोटींनी माल समुद्रापर्यंत न्यायची योजना तेव्हा जोरात होती. खडकांनी आणि खर्चानं ती हरली, पुढे जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडला गेला. त्या काळचा अधिकारी ग्लासफर्ड याच्या नावाचं ग्लासफर्डपेठा हे गाव आजही आहे. इथला 'कलेक्टर' आंबाही त्याच आठवणीतला. एकेक फळ किलोभराचं, कधी त्याहून जड.

दर बारा वर्षांनी प्राणहितेचा पुष्कर मेळा भरतो. मागचा एप्रिल २०२२ मध्ये झाला. तालुक्याचं अलीकडचं दुखणं म्हणजे तेलंगणानं २०१९ मध्ये सुरू केलेलं मेडीगड्डा धरण. त्याच्या फुगवट्यानं काठच्या शेतजमिनी बुडाल्या, आणि मोबदल्यासाठी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच धरणाचे काही खांब खचले.

१०. वीर बाबुराव शेडमाके कोण होते? १८५७ चा आणि गडचिरोलीचा संबंध काय?

बाबुराव पुल्लेसुरबापू शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी अहेरी भागातल्या किष्टापूरचा. ते मोलमपल्लीचे जमीनदार. उत्तर हिंदुस्थानातलं बंड विझू लागलं होतं, त्या १८५८ च्या मार्चमध्ये त्यांनी गोंड, माडिया आणि रोहिल्यांची फौज उभी करून राजगड परगणा घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलच्या शेवटी चुंचगुंडीजवळ तारायंत्राच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. त्यानंतर इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव टाकला, आणि त्यांच्या माणसांकरवी बाबुराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय पंचवीस.

टपाल खात्यानं २००९ मध्ये त्यांचं तिकीट काढलं. शालेय पुस्तकांत मात्र त्यांना एखादी ओळ मिळाली तर मिळाली, आणि याचं मला वाईट वाटतं. गोंडी गाण्यांत ते अजून जिवंत आहेत. तिथे वाघासारखे, अंगी दैवी बळ असलेले बाबुराव भेटतात. वर्गात शिकवताना नोंदीतली हकीकत आणि गाण्यातली कथा दोन्ही सांगा, पण वेगवेगळ्या सांगा.

११. झाडीपट्टीची नाटकं म्हणजे काय? ती कधी आणि कुठे पाहता येतील?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली, धान कापणीला आलं की गावोगावी मंडई (म्हणजे गावची जत्रा) भरते आणि तिथून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. वडसा ही या रंगभूमीची राजधानी. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे ओळीनं आहेत. गावकरी येतात, कंपनी ठरवतात, बयाणा देतात.

प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटे संपतो. शेतात मंडप, जमिनीत खोदून केलेली बैठक, रंगमंचासमोर वादक. कथानक कौटुंबिक असतं, मधे लावणी असते, विनोदी पात्रावर लोक जीव टाकतात. एका रात्रीत एकाच परिसरातल्या चार गावांत चार नाटकं आणि चारही मंडप भरलेले, हे मी कित्येकदा पाहिलं आहे. पूर्वी दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक अशी जोडी असे. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली तेव्हा ही जोडी तुटली. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाल्यावर पट पुन्हा सुरू झाले.

या रंगभूमीचं मूळ दंडार या लोकनाट्यात आहे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्या दिवशी झाडीपट्टीत घरोघरी आनंद होता. नाटक पाहायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत या, जाड घोंगडी बरोबर आणा, आणि ओळखीच्या घरी जेवायचं आमंत्रण आलं तर नाही म्हणू नका. नाटकाच्या दिवशी लेकी-जावयांसह सगळे पाहुणे घरी येतात. त्या दिवसाला आमच्याकडे सणाचा मान आहे.

१२. लोक कशावर जगतात? शेती तर कमी दिसते.

उत्तरेत आणि वैनगंगेकाठी धान हेच मुख्य पीक. सरासरी १,३०० ते १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. आषाढात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून बांधीत रोवणी करायची. गुडघाभर चिखलात वाकून हे काम बायका करतात. पाऊस दगा देतो तेव्हा आधार तलावाचा आणि बोडीचा, म्हणजे लहान तळ्याचा. गोंड राजांच्या काळात तलाव बांधेल त्याला जमीन देण्याची रीत होती, आणि कोहळी समाजानं त्या काळी बांधलेले तलाव आजही पाणी देतात. मालगुजारी, म्हणजे जमीनमहसुलाची जुनी पद्धत, गेल्यावर ते सरकारजमा झाले, म्हणून कागदोपत्री त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' आणि बोलताना 'मामा तलाव' म्हणतात. अनेकांत गाळ भरला आहे. नवी धरणं बांधण्याआधी हे तलाव उपसले असते तर किती बांध्या भिजल्या असत्या, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

दुसरी शेती जंगलात आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह गळतो. घरातली लहान-थोर सगळी टोपली घेऊन झाडाखाली असतात. मोहफुलं वाळवून साठवतात, बियांचं तेल काढतात. मे महिन्यात तेंदूपानं. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या ठिकाणी, नेऊन द्यायचे. दोन-तीन आठवड्यांचं हे काम अनेक कुटुंबांची वर्षाची रोख कमाई ठरतं. त्याखेरीज चारोळी, हिरडा, डिंक, मध, पावसाळ्यात वास्ते म्हणजे बांबूचे कोंब आणि रानभाज्या. आणि बांबू, ज्याची गोष्ट पुढच्या उत्तरात आहे.

१३. मेंढा-लेखा गावाचं नाव सगळे घेतात. तिथे नेमकं काय घडलं?

धानोरा तालुक्यातलं मेंढा हे लहानसं गोंड गाव. शेजारच्या लेखा गावामुळे 'मेंढा (लेखा)' म्हणून ओळखलं जातं. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं. त्यातून गावानं ठरवलं: 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आम्हीच सरकार. निर्णय बहुमतानं घ्यायचा नाही, सर्वसहमतीनं घ्यायचा. एकाचंही मन वळलं नसेल तर थांबायचं. देवाजी तोफा गावातून आणि मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून, या दोघांनी हा विचार वर्षानुवर्षं जपला.

वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये मेंढा आणि मर्दा या गावांना देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरण्याचे आणि सांभाळण्याचे गावाचे हक्क, मिळाले. मेंढ्याचं क्षेत्र १,८०९.६१ हेक्टर. हक्काचा कागद हातात आला, पण बांबू तोडून विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडेच. तो मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. तोवर कायद्यानं 'झाड' ठरवलेला बांबू त्या दिवसापासून गावासाठी गौण वनोपज, म्हणजे गावाला तोडून विकता येणारं जंगलाचं उत्पादन, झाला. २०१३ मध्ये गावानं ग्रामदानही केलं; जमिनी व्यक्तींच्या न राहता ग्रामसभेच्या झाल्या.

आज जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत आणि त्या बांबू, तेंदू स्वतः विकतात. प्रत्येक ठिकाणी मेंढ्यासारखं चाललं आहे असं नाही. कुठे हिशेब चुकतात, कुठे ठेकेदार पैसे बुडवतो. तरी गावाच्या खात्यात गावाचा पैसा जमा झालेला पाहिलेली ही पहिली पिढी आहे, आणि गडचिरोलीत माझ्या हयातीत झालेला हा सर्वांत मोठा बदल मी मानतो.

१४. नक्षलवादाचं काय? आता यायला सुरक्षित आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सरळ उत्तर देतो. माओवादी १९८० च्या सुमारास गोदावरी ओलांडून सिरोंचा भागात आले. पुढची चार दशकं रक्ताची गेली. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक गेला. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर परिसरातल्या चकमकीनंतर माओवाद्यांचे चाळीस मृतदेह मिळाले. या मोठ्या घटनांच्या मधे पोलिसांचे खबरे ठरवून मारलेले गावकरी आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या संशयात भरडलेली गावं आहेत. या सगळ्यांत मेलेली माणसं बहुतेक याच मातीतली होती, हे मला विसरता येत नाही.

आज चित्र बदललं आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं खाली ठेवली. मार्कंडा, वडसा, आरमोरी, आलापल्ली, हेमलकसा या ठिकाणी पर्यटक नेहमी येतात. एटापल्ली-भामरागडच्या आतल्या रस्त्यांना जायचं असेल तर दिवसा जा, ओळखीचा स्थानिक माणूस बरोबर घ्या, जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

१५. भामरागडला पावसाळ्यात जाता येतं का?

जुलै ते सप्टेंबर टाळा. पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो, बाजारपेठेत पाणी शिरतं आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. वर्षात अनेकदा. हेमलकसा पुलाच्या अलीकडे असल्यानं तिथवर कधी पोहोचता येतं, पण आलापल्लीपासूनच्या वाटेवरचे नालेही अडवतात. बाळंतपणाच्या बाईला खाटेवरून नाला ओलांडून नेल्याच्या बातम्या तुम्ही वाचता, त्या याच दिवसांतल्या. वैनगंगेकाठी वेगळी गोष्ट: भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणातून पाणी सोडलं की इथे ऊन पडलेलं असतानाही पूर येऊ शकतो.

१६. आनंदवन गडचिरोलीतच आहे ना? आणि हेमलकसा, शोधग्राम वेगळे कसे?

आनंदवन चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ आहे. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा इथे सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प मात्र आमच्याकडचा. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे दवाखाना आणि आश्रमशाळा उभी केली. दोघांना २००८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

शोधग्राम हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं ठिकाण, धानोरा रस्त्यावर चातगावजवळ. संस्था १९८६ पासून काम करते. ३९ गावांत गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत त्यांनी बसवली. तिथे हजार जन्मांमागे ६२ असलेलं नवजात मृत्यूचं प्रमाण तीन वर्षांत २५.५ वर आलं. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि पुढे आशाताईंमार्फत ही पद्धत देशभर गेली. तुमच्या गावात आशाताई बाळाचं वजन करायला घरी येत असतील, तर त्या वजनकाट्याची वाट गडचिरोलीतून गेली आहे.

१७. पाहण्यासारखं काय आहे?

एकच दिवस असेल तर मार्कंडा. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर, नदी उत्तरेकडे वळते तिथे, मार्कंडेश्वराचा मंदिरसमूह आहे. भिंतींवरच्या मूर्ती पाहून लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. मला ही तुलना आवडत नाही, मार्कंडा स्वतःच्या नावानं पुरेसा मोठा आहे. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते. शिल्पं निवांत पाहायची तर ते दिवस सोडून जा.

आरमोरी तालुक्यातलं वैरागड: खंदक असलेला भुईकोट, आणि अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त नोंदलेली हिऱ्यांची खाण. दक्षिणेला आलापल्लीजवळ 'ग्लोरी ऑफ आलापल्ली', म्हणजे सहा हेक्टरांचं राखलेलं जुनं सागवान जंगल, २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ झालेलं. कमलापूरला वनखात्याचे हत्ती. २०२२ मध्ये ते गुजरातला हलवण्याची बातमी आली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. सिरोंचाजवळ वडधम इथे दगड झालेली झाडं पाहता येतात. त्याच तालुक्यातल्या कोटा गावाचं नाव भूशास्त्रज्ञांनी ज्युरासिक काळातल्या खडकांच्या एका थराला दिलं आहे.

१८. वाघ, रानटी हत्ती, रानम्हशी: काय खरं?

तिन्ही खरं. रानम्हशी कोलामार्काच्या जंगलात आहेत, महाराष्ट्रात दुसरीकडे नाहीत. २०१३ मध्ये तो भाग संवर्धन राखीव झाला. रानटी हत्तींचा कळप ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून आला आणि धानाची नासधूस करत फिरतो आहे. हे हत्ती आणि कमलापूरचे पाळीव हत्ती वेगळे. वाघ वडसा आणि गडचिरोली वनविभागांत वाढले आहेत, आणि मोह वेचायला, सरपणाला गेलेल्या बायका-माणसांचे बळी जात आहेत. सफारीच्या आनंदात असलेल्यांनी ही दुसरी बाजूही ऐकावी.

१९. दारूबंदी आहे, मग मोहाची दारू कशी चालते?

लोकांच्या चळवळीनंतर १९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली, आमची कायम आहे. मोहफुलं गोळा करणं, बाळगणं आणि विकणं यांवरचे निर्बंध राज्य सरकारनं २०२१ मध्ये काढले, म्हणजे फुलं घरात असणं गुन्हा नाही. दारू गाळून विकणं हा गुन्हाच आहे. आदिवासींच्या पूजेत, जन्म-मृत्यूच्या विधीत देवाला चार थेंब मोहाचे लागतात. ती गोष्ट वेगळी आणि रस्त्याकडेला पिशवीतून विकली जाणारी दारू वेगळी. हा फरक खेड्यातल्या बायकांना चांगला कळतो. बंदी टिकली आहे ती त्यांच्यामुळे.

२०. बाहेरच्या माणसाला इथे जमीन घेता येते का?

जिल्ह्याचा मोठा भाग आदिवासी भागांना खास संरक्षण देणाऱ्या राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली आहे, सगळा नाही. म्हणून गाव अनुसूचित क्षेत्रात आहे का हे आधी तलाठ्याकडे तपासा. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला घेण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ आणि ३६अ नुसार निर्बंध आहेत, आणि ते राज्यभर लागू आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही. 'कागद नंतर करू' म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका.

२१. सूरजागडच्या खाणीमुळे जिल्ह्याचं भलं होईल का?

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे. खाण सुरू आहे, आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरी इथे पोलादाचा कारखाना उभा राहतो आहे. पोरांना पगाराची नोकरी मिळाली आहे, हे खरं. ज्या घरात पहिल्यांदा दर महिन्याला ठरलेली रक्कम येऊ लागली, त्या घराला खाण वाईट म्हणून सांगायला मी जाणार नाही.

पण त्याच डोंगरावर ठाकूरदेव आहे. दरवर्षी आजूबाजूच्या इलाख्यांतून लोक त्याच्या यात्रेला जमतात, आणि अनेक ग्रामसभांनी खाणीला विरोधाचे ठराव केले आहेत. पायथ्याची शेतं, नाल्याचं लाल पाणी, खनिजाच्या ट्रकांनी उखडलेले रस्ते आणि त्यांवरचे अपघात हे रोजचं झालं आहे. मला विचाराल तर, मेंढ्याच्या ग्रामसभेकडे बांबूचा निर्णय जसा सोपवला गेला, तसं सूरजागडच्या गावांना लोखंडाबद्दल आधी विचारायला हवं होतं. आणि आजही पुढचा डोंगर फोडण्याआधी ते विचारता येईल.